पी-१, पी-२ आणि पुसलेला आकडा

महोदय,

माझी बहीण परवा साताऱ्याहून आली. पाटीवरचे ‘पी-१’ पाहून म्हणाली, ‘‘पार्किंग नंबर एक दिसतंय, लाव इथेच.’’ पुण्यात पी-१ म्हणजे विषम तारखेला आणि पी-२ म्हणजे सम तारखेला गाडी लावायची बाजू, हे बाहेरच्या माणसाने ओळखायचे तरी कसे?

आम्हा पुणेकरांना ते पाठ आहे, पण पाटी वाचता आली तर ना! १२ तारखेला पेठेतल्या एका गल्लीत मी स्कूटर लावली. पाटीवर ‘पी’ शाबूत, पुढचा आकडा उन्हाने उडालेला, अर्धी पाटी वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली. अंदाजाने दोन धरला, निघाला एक. भाजी घेऊन येते तो स्कूटर टेम्पोत चढलेली. ५०० रुपये दंड, वर उचलण्याचा खर्च वेगळा. पावती मात्र अगदी सुवाच्य होती.

आकड्याखाली मराठीत ‘विषम तारीख’ किंवा ‘सम तारीख’ एवढे दोन शब्द रंगवायला किती रंग लागतो? दुचाकींचे पांढरे पट्टेही पावसाळ्यानंतर पुन्हा मारावेत. सध्या त्या जागेत चारचाकी आडव्या उभ्या असतात.

आणखी एक. ३१ नंतर येते १, दोन्ही विषम. त्या दिवशी बाजू बदलत नाही, पण सवयीने बदलणारे फसतात. गणित शिकवण्यात ३२ वर्षे घालवूनही मी एकदा फसले आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ, पुणे