आयर्व्हाइन पार्कमधल्या अनोळखी मंडळींना

गेल्या रविवारी आईला कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीच्या आयर्व्हाइन रीजनल पार्कमध्ये नेलं होतं. 1897 साली जेम्स आयर्व्हाइन यांनी काउंटीला दिलेली ही ओकची राई. आतल्या छोट्या प्राणिसंग्रहालयात हत्ती-जिराफ नाहीत. काळं अस्वल, माउंटन लायन, कोयोटी, बॉबकॅट असे इथल्याच भागातले प्राणी. बरेचसे जखमी किंवा पोरके, रानात परत सोडता न येणारे. “म्हणजे पांजरपोळच की!” आई म्हणाली, आणि दोन मिनिटांत अस्वलासमोर तिलाच घेरी आली.

मला काही सुचेना. बाबागाडी ढकलणाऱ्या बाईंनी तिला सावलीत बसवून बाळाचा रुमाल ओला करून कपाळावर ठेवला. एक शाळकरी मुलगा टोपीने वारा घालत राहिला. पिकल्या मिशांचे एक स्वयंसेवक चाकाची खुर्ची घेऊन आले आणि थेट आमच्या गाडीपर्यंत सोडायला आले. नावं विचारायची राहूनच गेली. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

आई आता ठणठणीत आहे. (बीपीची गोळी चुकवली होती, हे घरी आल्यावर कबूल केलं.) वाटेत त्या आजोबांनी बागेत मोकळे फिरणारे मोर कौतुकाने दाखवले, तेव्हा ती डोळे मिटूनच पुटपुटली, “हे मात्र आमच्याकडचे हो.”