घड्याळ खोटं आहे हे सगळे सांगतात, लिहून कोणीच देत नाही : ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली

सन्माननीय मंत्री महोदय, स. न. वि. वि.

ऑनलाइन घेतलेलं घड्याळ खोटं निघालं म्हणून मी सरकारकडे तक्रार केली होती, तिच्यावर काल संध्याकाळी मला एक ईमेल आला. दोनच ओळी. तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे, सहकार्याबद्दल धन्यवाद. काय निकाल लागला, कोणी लावला, मला न विचारता कसा लागला, यातलं एक अक्षर त्यात नाही. पैसे परत आलेले नाहीत, खोटं घड्याळ अजून माझ्या कपाटात आहे, आणि सरकारच्या कागदावर मात्र माझं काम झालेलं आहे. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितेय, कारण बंद पाकिटातली तीन पत्रं आधीच गेली आहेत आणि एकाचीही पोच आलेली नाही.

मी इचलकरंजीची. एका सूतगिरणीत अकाउंट्सला आहे. माझे वडील, अण्णा, चाळीस वर्षं यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे माग जुळवणारे, दुरुस्त करणारे. त्यांच्या हातात एचएमटी जनता, लग्नात सासऱ्यांनी दिलेलं, रोज सकाळी चहाच्या आधी त्याला चावी द्यायची हा आमच्या घरातला पहिला आवाज. आता संधिवाताने त्यांचा अंगठा वाकडा झालाय, चावी फिरवताना तोंड आवळून घेतात, बोलत काही नाहीत. म्हणून आम्ही तिघा भावंडांनी ठरवलं की पंच्याहत्तरीला त्यांना एक चांगलं स्विस ऑटोमॅटिक घ्यायचं, हातात घातलं की आपोआप चालणारं, चावीची कटकट नाही. मी 60 हजार, भावाने 50, धाकटीने 32. एकूण 1 लाख 42 हजार रुपये. आमच्या घरात लग्नं आणि दवाखाना सोडून एवढे पैसे एका वस्तूवर कधी गेलेले नाहीत.

घेतलं दिवाळीच्या सेलमध्ये, एका मोठ्या, घराघरात नाव माहीत असलेल्या साइटवरून. छापील किंमत 2 लाख 15 हजार, खाली हिरव्या अक्षरात शंभर टक्के ओरिजिनल, सात दिवसांत परत, आणि चारशेच्या वर लोकांनी दिलेले तारे. पार्सल पंच्याहत्तरीच्या बारा दिवस आधी आलं. अण्णांना कळू नये म्हणून आम्ही ते तसंच सीलबंद ठेवलं कपाटात साड्यांच्या खाली. पंच्याहत्तर दिव्यांनी औक्षण झालं, मग नातवाने त्यांच्या हातात घातलं, अण्णा कितीतरी वेळ नुसते मनगट फिरवून बघत होते. सात दिवस केव्हाच संपले होते, आणि ते संपलेत हे त्या दिवशी आमच्यातल्या कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

पुढचं मला आईने सांगितलं. अण्णा रोज सकाळी सातच्या बातम्या लागल्या की पाठमोरे बसून त्या घड्याळाचे काटे पुढे करायचे. दिवसाला तीन-चार मिनिटं मागं पडत होतं. पोरांनी एवढं महागाचं दिलंय, त्यांना कशाला वाईट वाटायला लावायचं, म्हणून त्यांनी तीन आठवडे कोणाला सांगितलं नाही. साहेब, मला पैशापेक्षा हे जास्त लागलंय. ज्या माणसाचा अंगठा वाचवायला घड्याळ आणलं तो माणूस रोज त्याच अंगठ्याने आमची लाज झाकत होता.

मग मी ते आमच्या इथल्या एका जुन्या घड्याळवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि मला जवळ बोलावलं. म्हणाले, हे अर्धगोल फिरतंय ना, रोटर, यावरची अक्षरं बघा, कडा फाटल्यासारख्या आहेत, कंपनीचं काम असं नसतं. तारखेचा आकडा खिडकीत डावीकडे सरकलेला. चावीचे आटे एवढे मऊ की बंद करताना दोनदा घसरले. मग त्यांनी ते एका छोट्या मशीनवर ठेवलं, त्यात टिकटिक ऐकून पडद्यावर ठिपक्यांची रेघ येते, चांगलं घड्याळ असेल तर ती सरळ जाते, आमची रेघ जिन्यासारखी खाली उतरत गेली. काका म्हणाले, ताई, पाच-सहा हजाराचा माल आहे. मी म्हणलं, एवढं लिहून द्या. त्यांनी झाकण बसवलं आणि म्हणाले, कोर्टात कोण उभं राहणार ताई, मी दुकान सांभाळू का तारखा.

ठीक आहे, ते एकटे माणूस आहेत. मग मी एक रजा टाकून पहाटेच्या एसटीने पुण्याला गेले, त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला. तिथल्या मुलीने घड्याळ आत नेलं, वीस मिनिटांनी प्लास्टिकच्या पिशवीत परत आणून दिलं आणि म्हणाली, मॅडम हे आमचं प्रॉडक्ट नाही, आम्ही हात लावू शकत नाही. आणि वॉरंटी कार्डावरचा नंबर? तो नंबर खरा आहे, पण दुसऱ्याच कुठल्या घड्याळाचा. लिहून देता का? पॉलिसी नाही. विक्रेत्याला फोन केला तर फोन बंद. साइटला कळवलं तर त्यांचं उत्तर असं की आम्ही फक्त जागा देतो, विकणारा वेगळा आहे, शिवाय सील तुटलंय आणि मुदत संपलीय, तरीसुद्धा माल नकली आहे असं कंपनीचं लेखी पत्र आणलंत तर विचार करू. पोलीस ठाण्यात गेले तर म्हणाले हा ग्राहकाचा वाद आहे, आधी एक्सपर्टचा रिपोर्ट आणा. सगळे एकच कागद मागतात आणि तो कागद देणारा माणूस या देशात मला अजून भेटलेला नाही.

मी अकाउंट्सवाली आहे, मला कागद वाचता येतो, म्हणून तुमचे नियम मी छापून काढून वाचले. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा, ई-कॉमर्सचे नियम जुलै 2020 चे. नियम 5 म्हणतो की ग्राहकाने लेखी मागितलं तर विकणाऱ्याचा पूर्ण पत्ता आणि संपर्क साइटने द्यायचा. मी दोनदा लेखी मागितला, उत्तर आलं की गोपनीयतेमुळे देता येत नाही. नियम 6 म्हणतो की माल नकली निघाला तर विकणाऱ्याला तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. त्यात सात दिवस कुठेही लिहिलेले नाहीत, सील कुठेही लिहिलेलं नाही. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याच्या आत, हेही तुमचंच वाक्य आहे. माझा चौथा महिना चालू आहे.

आणि बिल. बिलावरचा जीएसटी नंबर मी घेताना बघितला नाही ही माझी चूक, माझं रोजचं काम असून बघितला नाही. नंतर बघितला तर पत्ता सुरतचा आणि नंबर सुरू होतो 07 ने, म्हणजे दिल्ली. गुजरातचा 24 ने सुरू होतो, हे आमच्या ऑफिसातला नवीन पोरगासुद्धा सांगेल. पोर्टलवर टाकला तर तो नंबर रद्द झालेला दिसतो. मला हे शोधायला दोन मिनिटं लागली. त्या साइटला विक्रेता चढवून घेताना दोन मिनिटं नव्हती? आणि माझ्याकडून 18 टक्के जीएसटी दाखवून पैसे घेतले, ते सरकारकडे गेले का त्या चोराच्या खिशात गेले हे तरी मला कोणी सांगणार आहे का?

आता मुद्द्याचं बोलते. कायद्यात नकली मालाची शिक्षा आहे, कलम 91. मी ते तीन-चार वेळा वाचलं कारण माझा विश्वास बसेना. ती शिक्षा ग्राहकाला इजा झाली तर एक वर्षापर्यंत, गंभीर इजा झाली तर सात वर्षांपर्यंत, जीव गेला तर त्याहून जास्त. म्हणजे शरीराला काही झालं पाहिजे. खोट्या घड्याळाने कोणाचं रक्त येत नाही, म्हणून त्या कलमात माझ्या वडिलांना जागाच नाही. जिल्हा ग्राहक आयोगात जा म्हणतात, आणि मी जातेय, 5 लाखांपर्यंत फी नाही आणि राहत्या जिल्ह्यात दावा टाकता येतो हे तुम्ही खरंच चांगलं केलंत. पण तिथेही तपासणी लागणार असेल तर माल योग्य प्रयोगशाळेकडे पाठवायचा असं कलम आहे. मनगटी घड्याळासाठी ती प्रयोगशाळा कुठली? वकिलांना विचारलं, त्यांना माहीत नाही. तुमच्या खात्याला तीन पत्रांत हेच विचारलंय.

साहेब, आमच्या गिरणीतून सुताची गाडी बाहेर पडते तेव्हा काउंट म्हणजे सुताची जाडी, ताकद, ओलावा सगळं तपासून रिपोर्ट बरोबर जातो. घेणाऱ्या पार्टीने तक्रार केली की सुताचे कोन परत येतात, लॅबमध्ये पुन्हा लावतात, चूक आमची असेल तर क्रेडिट नोट निघते, म्हणजे तेवढे पैसे पार्टीच्या खात्यात परत. ती मी स्वतः काढते. किलोला दोन-अडीचशे रुपयाच्या सुताला जो न्याय आहे तो दीड लाखाच्या वस्तूला का नाही?

आणि सरकारला जमत नाही असंही नाही, म्हणून जास्त राग येतो. सोन्याला हॉलमार्क सक्तीचा केलात 2021 मध्ये, आता दोन-तीन ग्रॅमच्या अंगठीवरसुद्धा अक्षरं-आकडे मिळून सहा खुणांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख नंबर, असतो, बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की कोणी तपासलं ते दिसतं, माझी आई सराफाच्या दुकानात उभ्या उभ्या बघते. मोबाइल चोरीला गेला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर त्याचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, ब्लॉक होतो. घड्याळालाही नंबर असतो, बहुतेक चांगल्या घड्याळांना असतो, फक्त तो नंबर विकला गेलाय का, कोणाच्या नावावर आहे, चोरीचा आहे का, हे ग्राहकाला बघायची सरकारी सोय नाही. उलट 22 एप्रिल 2025 पासून 10 लाखाच्या वरच्या मनगटी घड्याळावर तुमच्या सरकारने 1 टक्का टीसीएस, म्हणजे विकतानाच गिऱ्हाईकाकडून गोळा करायचा कर, लावला. म्हणजे कर घ्यायच्या वेळी घड्याळ ही वस्तू सरकारला बरोबर ओळखू येते. स्वित्झर्लंडशी व्यापार करार झाला, 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला, स्विस घड्याळावरची आयात ड्युटी टप्प्याटप्प्याने उतरणार, पेपरात मोठे फोटो आले. माल स्वस्त होणार, जास्त येणार, आणि त्याच्या आडून खोटाही तेवढाच येणार. त्याच्यासाठी करारात नाही तर निदान इथे घरात काय तयारी केलीत? त्या चारशे ताऱ्यांचं काय? ऑनलाइन रिव्ह्यूसाठी 2022 मध्ये आयएस 19000 हे मानक काढलंत आणि ते ऐच्छिक ठेवलंत. खोटे तारे विकत घेणारा माणूस स्वतःच्या इच्छेने मानक पाळेल असं खात्यात कोणाला वाटलं हे मला खरंच समजून घ्यायचंय.

मला लोक म्हणतात, एवढं महागाचं घड्याळ ऑनलाइन घ्यायचंच कशाला. अहो, इचलकरंजीत त्या कंपनीचं दुकान नाही. कोल्हापूर, पुणे, मुंबई करत फिरायला आमच्यापैकी कोणाला रजा नाही. महागाची वस्तू शहरातल्यांनीच घ्यायची असा नियम आहे का? आणि माझ्यासारखं अजून कोणी घेणार असेल तर एवढं करा, मी हे दीड लाख मोजून शिकलेय. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर अधिकृत डीलरची यादी असते, विकणाऱ्याचं नाव तिथे नसेल तर तिथेच थांबा. एक तृतीयांश सूट बघून खूश होऊ नका, नव्या मालावर अधिकृत डीलर सहसा एवढं सोडत नाही. पैसे भरायच्या आधी जीएसटी नंबर मागून घ्या आणि पोर्टलवर बघा. भेट द्यायची असली तरी पार्सल आल्या दिवशी उघडा, व्हिडिओ काढत उघडा, आणि मुदतीच्या आत सर्व्हिस सेंटरला दाखवून या. डबा, कार्ड, पुस्तिका, टॅग यांवर जाऊ नका, आमच्या घड्याळाबरोबर हे सगळं अगदी झकपक होतं. सेकंडहँड असेल तर झाकण उघडून बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

पण हे सगळं मीच का करायचं? जागो ग्राहक जागो म्हणता, मी तर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून तुमचे नियम वाचतेय. साइट कमिशन घेते, बँक चार्ज घेते, सरकार कर घेतं, कंपनी नाव घेते, आणि खोटं निघालं की सिद्ध करायचं ओझं एकट्या गिऱ्हाईकावर. हे फक्त घड्याळाचं नाही. बियाणं खोटं निघालं की शेतकऱ्याने सिद्ध करायचं, औषध खोटं निघालं की पेशंटने, हेल्मेट खोटं निघालं की मेलेल्याच्या बायकोने. प्रत्येक ठिकाणी नुकसान ज्याचं झालं तोच कागद घेऊन फिरतोय.

माझं मागणं मोठं नाही. कंपनीच्या अधिकृत सेंटरने वस्तू तपासून नाकारली तर नाकारल्याचं कारण लेखी, सही-शिक्क्यानिशी, त्याच दिवशी द्यायचं, हे बंधनकारक करा. फी घ्या हवी तर, पाचशे घ्या, हजार घ्या. ते पत्र आलं की पैसे परत द्यायची जबाबदारी साइटची, विक्रेत्याला तिने शोधावं, तिच्याकडे त्याचा बँक खाते नंबर आहे, माझ्याकडे नाही. आणि तक्रार निकाली काढायच्या आधी तक्रारदाराला एक फोन करा.

अण्णांनी ते घड्याळ काढून ठेवलंय. परत एचएमटी घातलंय. आता चावी सकाळी मी देते, ऑफिसला जायच्या आधी. बत्तीस-तेहतीस वेळा फिरवली की घट्ट लागते, तिथे थांबायचं, हे त्यांनी मला शिकवलं.

उत्तर लेखी पाठवा.

आपली,
इचलकरंजीची एक ग्राहक

ता. क. बिल, दोन्ही ईमेल, पार्सल उघडतानाचे फोटो आणि त्या मशीनवरच्या रेघेचा फोटो माझ्याकडे आहे. खात्यातून कोणी मागितलं तर त्याच दिवशी पाठवते.