आठ हजारांचा पाऊस

मुलुंड,
२७ जुलै २०२५

तीर्थरूप आई आणि आण्णा यांस साष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं आण्णा म्हणणार. पण आण्णा, फोनवर आपलं बोलणं कसं होतं ते आईलाच विचारा. मी दोन वाक्यं बोलते न बोलते तोच "हं, आईशी बोल" म्हणून तुम्ही फोन तिच्या हातात देता. परवा पालघरकडच्या जव्हारच्या सहलीचं सांगत होते, तेव्हाही तेच झालं. "पाऊस बघायला आठ हजार?" एवढंच विचारलंत आणि फोन आईकडे. आईने मग शेजारच्यांच्या म्हशीची हकिगत सांगितली, आणि माझं उत्तर राहूनच गेलं. ते आता सावकाश लिहिते. पत्र मधेच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. म्हणजे देता येतं, पण वाचून झाल्यावर.

आधी हिशोब, तुम्ही एसटीत तिकिटांचं वेबिल भरायचात तसा. गाडी पाच हजार आठशे, टोल-पार्किंगसकट. गाईड दीड हजार. जेवण माणशी दोनशे, आम्ही चौघं, आठशे. ड्रायव्हरचं जेवण गाईडच्या घरच्यांनी धरलंच नाही. एकूण आठ हजार शंभर. चौथं माणूस म्हणजे यांची आत्या, त्या पुण्याहून आल्या होत्या. चार माणसांना आख्खी गाडी, किती सीटा भरल्या, भारमान काय पडलं असेल, हे तुम्ही विचारायच्या आतच कबूल करते: वाईट पडलं. एसटीत तुम्हाला पंच्याहत्तरीच्या वर म्हणून शून्य तिकीट, आम्हा बायकांना अर्धं. तुमच्या हिशोबात आमची सहल निम्म्याहूनही कमी पैशात बसली असती, हे मान्य.

आम्ही गेलो होतो जव्हारला. मंगळवारी, मुद्दाम. शनिवार-रविवारी येऊ नका, असं त्या गाईडनेच फोनवर सांगितलं होतं. पहाटे पाचला निघालो, तरी घोडबंदरला ट्रकांच्या मागे अर्धा तास गेला. वरसावे पूल ओलांडला, मनोरला हायवे सोडला आणि विक्रमगडच्या पुढे घाट लागला. तिथून मात्र तुमच्या नातवाने मोबाइल खिशात ठेवला, आणि ते मी सांगितलं म्हणून नव्हे.

आई, तुला मी दाभोशाच्या धबधब्यावरून व्हिडिओ कॉल केला तेव्हा चित्र अडकलं आणि तुझा तेवढा एकच प्रश्न ऐकू आला, "एवढं पाणी जातं कुठं गं?" मग लाईन गेली. तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यात घर करून आहे. हा धबधबा तीनशे फुटांचा. समोरच्या काठावरून बघायचा. खाली उतरायची वाट आहे, पण आषाढात तिकडे कोणी शहाणं माणूस जात नाही, आणि प्रशासनही पाण्याजवळ जायला बंदी घालतं. इतक्या लांबूनही अंगावर तुषार येतात, चष्मा पुसून पुसून पदर ओला होतो. आवाज कानांपेक्षा छातीत जास्त ऐकू येतो. आत्या हात जोडून उभ्या होत्या. मला मात्र तूच आठवत होतीस. सतरा वर्षांची, बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडणारी. घागरभर पाण्यासाठी तू आणि मावशी रात्री विहिरीत उतरायच्या आणि वाटीने पाणी भरायच्या, हे तू किती वेळा सांगितलंयस. आणि इथे ते कड्यावरून नुसतं सांडत होतं.

तर त्याचं उत्तर. जेवायला आम्ही गाईडच्याच घरी होतो. नागलीच्या भाकऱ्या, उडदाची आमटी, कर्टोल्याची भाजी आणि एक काळी चटणी. त्या पोराला मी तुझाच प्रश्न विचारला. त्याने टोपल्यातल्या चार-पाच भाकऱ्या उचलून एकावर एक रचल्या आणि म्हणाला, ताई, आमचा डोंगर असा आहे. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर येऊन साचला, तोच हा काळा पत्थर. काही थर कडक, काही ठिसूळ. ठिसूळ थर पाण्याने झिजतो, वरचा कडक थर ओठासारखा पुढे राहतो आणि पाणी तिथून उडी मारतं. माती वर वीतभर. पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर, पण खडक पाणी मुरवून घेत नाही. पडलं की पळालं. "मे महिन्यात या," तो म्हणाला, "माझी आई तुम्हाला हंडा घेऊन दिसेल."

बार्शीत आपल्याकडे सहाशेच्या आसपास पडतो आणि आपण रडतो. इथे त्याच्या चौपट पडून जव्हारशेजारच्या मोखाड्यात उन्हाळ्यात टँकर येतात. आण्णा, मला खरंच हसावं की रडावं कळेना.

आणि आई, पळालेलं सगळंच समुद्रात जात नाही. वैतरणेवर मुंबईसाठी तीन धरणं बांधलीत. मोडकसागर १९५७ चं, मग ऊर्ध्व वैतरणा, आणि २०१४ चं मध्य वैतरणा तर मोखाड्याच्या अंगणातच. तानसा त्याही आधीचं, १८९२ चं. आमच्या मुलुंडवरून जाणारे ते अजस्र पाइप तू आलीस तेव्हा बघून म्हणाली होतीस ना, "यातून रेडा जाईल आरामात"? ते पाइप याच डोंगरांकडून येतात. मी रोज सकाळी सहाला बादली लावते ती याच पावसाची. इतकी वर्षं नळ सोडते आहे, पण नळाच्या दुसऱ्या टोकाला कोण राहतं ते बघायला मला आठ हजार शंभर रुपये लागले. बरं, ते असो.

आता गाईडला दीड हजार कशाचे, हा तुमचा खरा प्रश्न. "रस्ता काय पाटीवर लिहिलेला नसतो का?" हे तुमचं वाक्य मला न ऐकताही ऐकू येतं.

जेवणाआधीची गोष्ट. त्याच्या खाचराच्या कडेने एक ओढा जातो. जेमतेम घोट्याइतकं पाणी, नितळ, तळाचे गोटे मोजावेत असं. नातू आणि हे पाय सोडून बसले. चपला एका दगडावर. आमच्यावर पावसाचा थेंब नव्हता, उलट ऊन पडलं होतं. गाईड मात्र आमच्याकडे किंवा डोंगराकडे बघतच नव्हता. उकिडवा बसून ओढ्याच्या वरच्या अंगाला तोंड करून होता. मला वाटलं, कंटाळला असेल. अचानक उठला आणि म्हणाला, "वर या." हे म्हणाले, "अहो, पाच मिनिटं." तो पुन्हा म्हणाला, "वर या," आणि या खेपेला नातवाचं मनगट धरूनच. मला रागच आला. पैसे आम्ही दिलेत आणि हुकूम हा सोडतो!

वर आल्यावर त्याने बोट दाखवलं. पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं, अगदी फिकट चहा. त्यावर सागाची वाळकी पानं आणि काटक्या येत होत्या. "वर कुठेतरी पडलाय," एवढंच बोलला. मग एक आवाज आला, घाटात मागून ट्रक आल्यासारखा. दहा मिनिटं झाली नसतील, ज्या दगडावर चपला होत्या तो दगडच दिसेनासा झाला. तुमच्या जावयाची एक चप्पल झुडपात अडकली, दुसरी गेली वाहून. जव्हारच्या बाजारात नव्वद रुपयांची रबरी चप्पल घेतली, तेव्हा हे दुकानदाराला विचारत होते की एकच पायाची मिळेल का.

मागच्या वर्षी जूनअखेरीस लोणावळ्याला भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तेव्हा तुम्ही टीव्हीसमोरूनच मला फोन केला होतात. "धबधब्याच्या वाटेला जायचं नाही, माझी शपथ आहे." शपथ मी मोडली, हे खरं. पण तिथे प्रवाहात अडकलेली ती माणसं बघितल्यावर आपण सगळेच म्हणालो होतो, कोणी सांगणारं कसं नव्हतं. आम्हाला सांगणारा होता. घाटात तुम्ही नव्या ड्रायव्हरला म्हणायचात ना, "मला ऐकू येतोय तो आवाज तुला अजून ऐकू यायचाय," तसलाच तो. वय असेल पंचवीस.

त्याच्याबद्दल आणखी सांगते, कारण तुम्ही माणसांबद्दल आधी विचारता. लहानपणी दिवाळी झाली की तो आई-बापासोबत भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचा. इकडच्या कितीतरी घरांचं तेच, भात कापून झालं की गाव रिकामं. तिसरीचं वर्ष दोनदा अर्धवट सुटलं, मग आश्रमशाळेत टिकला. आता पावसाळ्यात माणसं फिरवतो, नंतर मिळतील ती किरकोळ कामं. "दोन वर्षं झाली, आईला भट्टीवर पाठवलं नाही," हे त्याने गाडीत ड्रायव्हरला सांगितलं, मला नाही. मी मागच्या सीटवर ऐकलं.

राजवाडा बघितला, जव्हारच्या मुकणे राजांचा जय विलास. बाहेरून छान आहे. शिरपामाळावर गेलो, १६६४ च्या सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम तिथे पडला होता. पण धुकं असं होतं की मुक्कामाला अख्खी फौज असती तरी दिसली नसती. वारली चित्रांच्या एका घरी तांदळाच्या पिठाने रंगवलेलं तारपा नाचाचं कापड घेतलं, ते तुमच्या सोप्यासाठी ठेवलंय. त्याचे पैसे वर धरलेले नाहीत, आण्णा. ते माझं आणि आईचं आहे.

आणि आवणी. भातलावणीला तिकडे आवणी म्हणतात. आठ-दहा बायका प्लॅस्टिकचे कागद पाठीवर बांधून, कमरेत वाकून, मागे मागे सरकत रोपं लावत होत्या. एकीच्या कमरेला पिशवीत गुंडाळलेला मोबाइल, त्यावर गाणं. मलाही हौस आली. साडी खोचली, उतरले. चिखल पिंढरीपर्यंत, वरून गार, आत ऊबदार. मी पाच रोपं लावली आणि मोठ्या अभिमानाने मागे बघितलं, तर एक म्हातारी माझी पाचही उपटून पुन्हा नीट लावत होती. एक शब्द बोलली नाही. हुबेहूब तूच, आई, माझ्या पोळ्या बाजूला ठेवून परत लाटतेस ती.

ती काळी चटणी, तिचं सांगायचं राहिलं. घास घेतला आणि हात थांबला. आपली कारळ्याची! तिकडे खुरासणी म्हणतात, डोंगरउतारावर तिचीच शेती. फक्त लसूण कमी आणि मिरची भाजलेली. मी त्या माउलीला म्हटलं, माझी आई हीच करते, सोलापूरकडे. ती म्हणाली, "मग आणा की तिला." एवढं सोपं.

म्हणून विचारते. सप्टेंबरच्या शेवटी, घट बसल्यावर या. पाऊस ओसरलेला असतो, धबधबे वाहत असतात, भात लोंबीला येतं. पोराला मी आईच्या गुडघ्यांचं सांगितलंय. तो म्हणाला, गाडी जिथवर जाते तिथूनच सगळं दाखवतो, पायरी एकही नाही, आणि खाचराच्या बांधावर खुर्ची टाकतो. कुर्डुवाडीहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसची तिकिटं काढते, दोन्ही खालचे बर्थ. कल्याणला हे घ्यायला येतील.

आणि आण्णा, पुढे जव्हारला एसटीनेच जायचा तुमचा हट्ट असेल तर तसंही जाऊ. खिडकी तुमची. पण स्टँडपासून पुढे त्या पोराची ओळखीची जीप करावी लागेल, आणि भाडं तो सांगेल ते द्यायचं. तुम्ही तिथे घासाघीस करणार असाल तर आत्ताच सांगा, मी आईला एकटीला घेऊन जाईन.

तुमची,
थोरली

ता. क. आई, किलोभर खुरासणी आणली आहे. तुझ्या हाताने कुटायची आहे, म्हणून मी डबा उघडलेला नाही.