बेसवरून फायनलला वळताना

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, की उतरताना बेसवरून, म्हणजे रनवेला आडव्या टप्प्यावरून, फायनलला, म्हणजे रनवेच्या सरळ रेषेत वळताना रनवे पुढे निघून जातो आणि मग तू पायाने थोडा रडर (शेपटीवरचं सुकाणू) देऊन विमानाचं नाक रनवेकडे आणतेस. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. तो रडर देऊ नकोस, बाळा.

गोंदियाला ज्या दिवशी बेसवर वारा पाठीमागून असेल, त्या दिवशी रनवेची सेंटरलाइन तुझ्या अंदाजाआधीच येणार. डावं सर्किट, म्हणजे सगळी वळणं डावीकडची, असं धर. वळायला उशीर झाला, जमीन जवळ दिसते, बँक, म्हणजे विमानाचा एका बाजूचा कल, वाढवायचा धीर होत नाही, आणि नकळत डावा पाय दाबला जातो. नाक वळतं खरं, पण बाहेरचा उजवा पंख जास्त वेगाने फिरतो, त्याची लिफ्ट (उचल) वाढते आणि बँक आपसूक वाढू लागते. ती रोखायला हात योक (हातातलं चाक) उजवीकडे नेतो. नाक खाली चाललेलं दिसतं, म्हणून योक मागेही ओढलं जातं. आता डाव्या पंखाचं एलेरॉन (मागच्या कडेची हलती पट्टी) खाली आहे, म्हणजे त्याचा अँगल ऑफ अटॅक (समोरच्या हवेशी पंखाचा कोन) जास्त. आधी तोच पंख स्टॉल होणार, म्हणजे उचल गमावणार, आणि विमान वळणाच्या आतल्या बाजूला उलटणार. विमान घसरतंय का ते दाखवणारा बॉल तोवर उजव्या टोकाला जाऊन बसलेला असतो, पण नजर रनवेवर खिळलेली असते.

पॉवर आयडल, एलेरॉन न्यूट्रल, उलटा रडर पूर्ण, योक पुढे: स्पिनमधून (गरगरत खाली कोसळण्यातून) सुटायचं हे तुला पाठ आहे. पण सेसना १७२ ला एका फेरीच्या स्पिनमधून सावरायला साधारण हजार फूट लागतात आणि हे वळण तू पाचशे फुटांच्या आसपास घेतेस. तिथे ही ड्रिल कामाची नाही. स्पिन होऊच द्यायचा नाही, एवढंच हातात आहे.

फ्लॅप (उतरताना पंखामागे खाली सोडायच्या पट्ट्या) वर असताना तुझं १७२ एस सरळ उड्डाणात ४८ नॉटला स्टॉल होतं. उंची राखून वळलीस तर ४५ अंश बँकला तोच आकडा ५७ आणि ६० अंशाला ६८. बेसवर तू ७० ठेवतेस ना? मग बघ किती उरलं. नुसत्या बँकने विमान स्टॉल होत नाही, ओढल्याने होतं. म्हणून त्या वळणात ३० अंशांच्या वर जाऊ नकोस, बॉल मध्यभागी ठेव आणि मनगट सैल सोड.

स्टॉलचा इशारा देणाऱ्या हॉर्नवरही लक्ष असू दे. प्रीफ्लाइट तपासणीत डाव्या पंखाच्या कडेवरच्या हॉर्नच्या त्या छोट्या भोकावर स्वच्छ रुमाल धरून हवा ओढून बघतेस ना? घाईत तेच आधी गाळलं जातं. हॉर्न स्टॉलच्या ५ ते १० नॉट आधी वाजतो. वाजला की योकवरची ओढ सोडायची, मग बाकीचा विचार.

आणि सेंटरलाइन ओलांडली गेलीच, तर गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. इन्स्ट्रक्टर काय म्हणतील, मागे दुसरं विमान आहे, कशाचा विचार नको. फक्त फुल पॉवर दिल्यावर अप्रोचसाठी नाक वर धरायला लावलेल्या ट्रिममुळे नाक जोरात वर येईल, तेव्हा योक पुढे दाबून धर, उजवा रडर दे, फ्लॅप लगेच २० अंशांवर घे आणि वेग आला की पुढचे.

हा स्किडिंग टर्नमधला, म्हणजे जादा रडरच्या घसरत्या वळणातला, स्टॉल भरपूर उंचीवर एकदा दाखवा, असं तुझ्या इन्स्ट्रक्टरना या आठवड्यातच सांग. एकटीने करून बघू नकोस. झालं की मला फोन कर, कितीही उशीर झाला तरी.

तुझा,
बाबा