बाबांचे रूळ आणि माझं काम

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा आई फोनवर म्हणाली, "पाळण्याबिळण्याचं काम किती दिवस करणार? पुलाचं, रस्त्याचं काहीतरी बघ की आता." फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. मी रोलर कोस्टरचंच काम करणार आहे, आणि ते का, हे तुम्हा दोघांना पटावं अशी माझी फार इच्छा आहे.

बाबा, तुम्ही उभी हयात सोलापूर डिव्हिजनच्या रुळांवर काढलीत. सरळ रूळ एकदम वळणात घालत नाहीत, आधी ट्रान्झिशन कर्व्ह, म्हणजे हळूहळू आवळत जाणारं वळण देतात, हे मी कॉलेजच्या आधी तुमच्याकडून शिकले. आमच्या कामाचा पायाच तो आहे. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर माणसांना उलटं फिरवणारा एक कोस्टर बांधला होता. त्याचा लूप, म्हणजे रुळाचा उभा वेढा, अगदी बांगडीसारखा गोल. गाडी सपाटीवरून त्यात शिरली की सगळा भार एका झटक्यात अंगावर यायचा आणि माना लचकायच्या. काही वर्षांतच तो बंद पडला. पुढे १९७६ मध्ये वेर्नर श्टेंगेल या जर्मन इंजिनिअरनं कॅलिफोर्नियातल्या एका कोस्टरसाठी लूपचा आकारच बदलला. खाली वळण ऐसपैस, वर जाईल तसतसं आवळत जाणारं. तुमचाच ट्रान्झिशन कर्व्ह, फक्त उभा केलेला! भार हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो.

ब्लॉक, म्हणजे रुळाचे पाडलेले टप्पे, तेसुद्धा रेल्वेचेच. एका ब्लॉकमध्ये एकच गाडी. पुढचा रिकामा झाल्याशिवाय मागची सुटत नाही. आणि त्या ब्लॉकचे ब्रेक उघडायला हवेचा दाब लागतो, दाब गेला की ते आपोआप आवळतात.

आई, तुला चढावरच्या त्या टक-टक आवाजाची धास्ती वाटते ना? गाडीखाली एक खिट्टी असते, ती रुळामधल्या दात्यांवरून एकेक करत पुढे सरकते, त्याचा तो आवाज. गाडी वर ओढणारी साखळी तुटली तरी खिट्टी दात्यात अडकते आणि गाडी मागे घसरत नाही. आवाज येतोय म्हणजे ती तिचं काम करतेय.

माझ्याकडे सध्या खांबांच्या जोडांचं काम आहे. लाखो फेऱ्यांनंतर कुठल्या वेल्डिंगला बारीक चीर पडू शकेल, ते आधीच हुडकायचं. दिवसच्या दिवस त्या आकडेमोडीत जातात आणि मला त्याचा कंटाळा येत नाही. कुणाची तरी आई पोरीचा पट्टा दोनदा ओढून बघते आणि मग खाली उभी राहते. तिचा तो भरवसा मला पुलाइतकाच मोठा वाटतो.

दिवाळीत मी येतेय, तेव्हा आपण खोपोलीला इमॅजिकात जाऊ. तिथं नायट्रो नावाचा मोठा कोस्टर आहे. बाबा, तुमचं बीपी आहे, तुम्ही बसायचं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. पण गाडीची चाकं नीट बघा. रुळाच्या वर, बाजूला आणि रुळाखालीसुद्धा चाकं असतात, म्हणून गाडी उचलली जात नाही. खालच्या चाकांची ही युक्ती जॉन मिलर या अमेरिकन माणसाची, १९१९ सालची. रेल्वेच्या माणसाला ती कशी वाटते, ते मला तुमच्याकडून ऐकायचंय.

गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची लेक