सीनमध्ये काय साठवू नये, हे शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आमच्या नाटकाच्या ज्या प्रयोगात माझ्या हातून ध्वनी बिघडला आणि आपण तो सावरलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आभार मानण्यासाठी फोन केला, तेव्हा "त्यात आभार कसले, पुढच्या प्रयोगाची तयारी कर" एवढे बोलून आपण फोन ठेवून दिलात. सांगायचे ते राहूनच गेले, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे. नाटकाचा ध्वनी सांभाळणाऱ्या इतरांच्याही ते नजरेस पडावे अशी इच्छा आहे, कारण माझ्या हातून झालेली चूक डिजिटल मिक्सरवर नव्याने बसणाऱ्या कोणाच्याही हातून होऊ शकते.

आमचे नाटक संगीत नाटक असल्यामुळे नटांचे १२ कॉर्डलेस माइक आणि त्यांच्या जोडीला ऑर्गन, तबला व व्हायोलिन असा सारा पसारा बेहरिंगरच्या एक्स-३२ वर येतो. या मिक्सरमध्ये १०० सीन, म्हणजे मिक्सरच्या मांडणीच्या नोंदी, साठवता येतात, त्यामुळे हात आखडता घेण्याचे कारण नव्हते. तालमीच्या हॉलमध्ये आठ दिवस बसून मी कोणाचा माइक कोणत्या प्रवेशात उघडा आणि कोणाचा बंद, हे ठरवत ३४ सीन साठवले आणि प्रयोगात आपल्याला केवळ 'गो'चे बटण दाबायचे आहे, अशा समजुतीत निर्धास्त राहिलो.

नाट्यगृहात पोहोचल्यावर साउंड चेक नीट झाला. तालमीच्या छोट्या हॉलपेक्षा तेथील घुमारा निराळा असल्यामुळे मी बहुतेक माइकचा गेन (माइकचा आवाज आत किती जोराने घ्यायचा ते) खाली आणला, शिट्टी मारणाऱ्या फ्रीक्वेन्सी ईक्यूमध्ये (जाड-बारीक आवाजाचा तोल साधणाऱ्या भागात) कापल्या आणि पहिला सीन नव्याने साठवला. नांदी त्यामुळेच उत्तम झाली. पहिला प्रवेश सुरू होताच मी दुसऱ्या सीनसाठी 'गो' दाबले आणि क्षणार्धात सगळे गेन व सगळे ईक्यू तालमीच्या हॉलमध्ये होते तेथे परत गेले. पुढे जे कर्कश झाले ते प्रेक्षकांनी ऐकले आहे, त्यामुळे अधिक लिहीत नाही.

आपण मागच्या रांगेत प्रेक्षक म्हणून बसला होता. आपण उठून आलात, 'अनडू' दाबलेत आणि माझ्या कानाशी म्हणालात, "आता जो बोलतो आहे, तेवढाच उघड." मला बाजूला सारून आपण स्वतः फेडर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या कळा) हाती घेतले असते, तरी कोणी नावे ठेवली नसती. आपण तसे केले नाही, याचे मोल मला त्या रात्री कळले नव्हते. पहिला अंक मी संहितेवर बोट ठेवून, हातानेच ओढत नेला.

मध्यांतराच्या पंधरा मिनिटांत आपण जे समजावलेत, ते मी तोवर वाचले होते, पण मला उमगले नव्हते. सीन म्हणजे त्या क्षणी मिक्सरवर जे जे आहे त्या सगळ्याचे छायाचित्र. त्यात नाटकाचे जसे येते, तसेच त्या दिवशीच्या वास्तूचेही येते. कोणी कधी बोलावे हे नाटकाचे, ते गावोगाव बदलत नाही. गेन आणि ईक्यू मात्र त्या त्या नाट्यगृहाचे आणि त्या त्या गळ्याचे. आपण 'सेफ'च्या पानावर जाऊन प्रीअँप (जेथे गेन असतो), ईक्यू, बारीक आवाज अडवणारे गेट आणि मोठा आवाज दाबणारा कॉम्प्रेसर यांना सीनच्या आवाक्याबाहेर काढलेत आणि दुसरा अंक मी त्याच जुन्या सीनवर चालवला. एकदाही शिट्टी वाजली नाही.

पुढच्या आठवड्यात आपल्या सांगण्यावरून मी सगळे मोडून पुन्हा बांधले. आता पायाचा सीन एकच असतो, तो त्या दिवशीच्या साउंड चेकनंतर साठवायचा. आणि प्रवेशांसाठी स्निपेट, म्हणजे निवडक गोष्टींच्याच छोट्या नोंदी, ज्यांत फक्त म्यूट (कोणता माइक बंद) आणि डीसीएची (एकाच फेडरने अनेक माइक सांभाळणाऱ्या गटांची) वाटणी असते. प्रत्येक प्रवेशात रंगमंचावर असलेली पात्रेच आठ डीसीएंवर येतात, त्यामुळे बोटांखाली नको असलेला माइक येतच नाही. फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरातील प्रयोगाला आमची नायिका आजारी पडून दुसरी अभिनेत्री उभी राहिली, तेव्हा या रचनेचा खरा उपयोग कळला: तिच्या आवाजासाठी गेन आणि ईक्यू एकाच जागी बदलले आणि ते अखेरपर्यंत टिकले. जुन्या पद्धतीत तोच बदल मला ३४ सीनमध्ये करत बसावे लागले असते.

क्यूच्या, म्हणजे 'गो' दाबण्याच्या क्षणांच्या, यादीत आकड्यांऐवजी त्या क्षणाच्या वाक्यातील शेवटचे शब्द लिहावेत, हा आपला सल्ला मला आधी जुनाट वाटला होता. एके रात्री एका नटाने अर्धे पान गाळले आणि कोणत्या क्यूवर उडी घ्यायची हे मला त्या शब्दांवरूनच सापडले. आता प्रत्येक प्रयोगाआधी गाव आणि तारीख घालून सगळा शो पेनड्राइव्हवर उतरवून ठेवतो, हेही आपलेच.

एका बाबतीत मात्र मी आपले ऐकलेले नाही. दुसऱ्या अंकातील पदाचा रिव्हर्ब (मिक्सरने दिलेला घुमारा) "क्यूत घालून टाक" असे आपण म्हणाला होता. आमच्या मिक्सरवर फेडर एका क्यूवरून दुसऱ्यावर सावकाश सरकत नाहीत, थेट उडी मारतात, आणि आमची गायिका शेवटची तान रोज निराळ्या जागी संपवते. म्हणून तो एक फेडर मी अजून हातानेच वर नेतो. पुढचा पुण्यातील प्रयोग ऐकायला आपण यावे आणि त्यावरही हवे तर रागवावे.

आपला कृतज्ञ,
त्या रात्री मिक्सरवर बसलेला मुलगा