बचतीलाही थोडी जागा द्या

महोदय,

महागाईच्या बातम्या रोज छापून येतात, पण घरखर्च प्रत्यक्षात कमी कसा करायचा याबद्दल क्वचितच वाचायला मिळतं. मंगळवार पेठेत संसार करणारी गृहिणी म्हणून हे लिहिते आहे.

गॅसचंच बघा. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो किती पुरवायचा हे बरंचसं आपल्याच हातात आहे. हरभरा, राजमा मी रात्रीच भिजत घालते. कुकरची पहिली शिट्टी झाली की आच बारीक करते. उकळी फुटलेलं पाणी ज्योत मोठी केल्यानं जास्त तापत नाही, नुसती वाफ उडते आणि गॅस जळतो. एवढी साधी गोष्ट मुलांना विज्ञानाच्या तासाला कळते, स्वयंपाकघरात मात्र कुणी सांगत नाही.

वर्षाची चटणी उन्हाळ्यातच होते. आम्ही शेजारणी मिळून ब्याडगी, संकेश्वरी मिरची लक्ष्मीपुरीतून घाऊक आणतो, गच्चीवर वाळवतो, डंकावर कुटून घेतो. पाकिटातल्या मसाल्याच्या रश्श्याला ती चव नाही, हे माझं ठाम मत!

विजेचं सांगायचं तर जुना पंखा ७५ वॅटचा. रोज दहा तास चालला की महिन्याला साडेबावीस युनिट. ३० वॅटच्या बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरच्या पंख्याला नऊच लागतात.

वाचकांच्या अशा अनुभवांसाठी आपण आठवड्याला एक कोपरा राखून ठेवावा, आणि त्यात पुरुषांनीही लिहावं, ही विनंती.

– एक गृहिणी, मंगळवार पेठ, कोल्हापूर